कष्टकऱ्यांचा संघ आणि आपला न्यास
(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या न्यासाने पंचवीस वर्षांत काय केले, हे आमच्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले आहे. शिष्यवृत्ती, पुस्तकपेढी, आजाऱ्यास औषधपाणी, विधवांस शिधा या कामांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. चिटणीसांनी आम्हांस विषय दिला आहे तो असा: मजुरांच्या चळवळीतून माणसास काय मिळते? उत्सवाच्या दिवशी हा विषय काहींना रुक्ष वाटेल, काहींना थोडा अडचणीचाही वाटेल. कारण या सभागृहात माल उचलणारे आहेत, आणि माल उचलून घेणारेही आहेत. पण पंचविशी गाठलेल्या संस्थेने अडचणीच्या गोष्टी टाळू नयेत, असे आम्हांस वाटते.

मजूर संघाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम मजुरीवाढ येते. मजुरीवाढ मिळते, नाही असे नाही. तथापि ज्यांनी या चळवळीत आयुष्य घालविले त्यांची चरित्रे वाचली म्हणजे दिसते ते असे की, मजुरी वाढण्याच्या पुष्कळ आधी त्यांना दुसरे काही मिळाले होते. त्यांना सोबत मिळाली, आपले नाव कोठे तरी लिहिले गेल्याचा अनुभव मिळाला, आणि स्वतःच्या पोटापलीकडे करण्याजोगे काम मिळाले. हे कसे घडते, याची तीनचार उदाहरणे मांडून मग आपल्या गावाकडे वळू.

पहिले उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. यांचा जन्म १८४८ सालचा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, आणि १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालविणारे. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईस एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. त्या काळी गिरणीतला दिवस सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबरच मावळे, आणि आठवड्याची सुट्टी म्हणून काही नसे. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार द्यावा. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या सुट्टीत कामगार घरी बसले, नातलगांकडे गेले, सभेस गेले, एकमेकांची नावे त्यांस कळली. यंत्राजवळ उभा राहणारा माणूस आठवड्यातून एक दिवस तरी शेजारी झाला. पुढे १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा लोखंडे यांनी सलोख्यासाठी खटपट केली. १८९७ च्या प्लेगात ते रुग्णांच्या सेवेत होते, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगानेच त्यांचे निधन झाले. सुट्टी मागणारा, दंगा शमविणारा आणि रुग्णांची शुश्रूषा करणारा माणूस एकच होता, हे ध्यानात घ्यावे. ज्याला संघाची सवय लागली तो केवळ मागण्या करून थांबत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, नागपुरापलीकडच्या कामठीचे. बाबू हरदास यांचे पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म ६ जानेवारी १९०४ चा. कामठीच्या घरोघरी विडी वळली जाई. ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांस सांगावयास नको की, विडी वळणारा मजूर गिरणी कामगाराहूनही एकटा असतो. तो आपल्या ओसरीवर बसून पाने कापतो, हजारामागे मजुरी घेतो, आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांबद्दल त्यास काही मिळत नाही. शेजारच्या ओसरीवर काय दर मिळाला हेही त्यास कळत नाही. हरदास यांनी या विखुरलेल्या ओसऱ्या जोडल्या. विडी मजुरांचा संघ उभा केला आणि सहकारी तत्त्वावर काम चालविण्याची खटपट केली. त्याबरोबरच त्यांनी कामठीत रात्रीच्या शाळा काढल्या. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. ज्याला हजाराचा हिशेब वाचता येत नाही, त्याचा संघ दुसऱ्याच्या हातात जातो, हे त्यांनी ओळखले होते.

१९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे हरदास प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने वारले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. आमच्यात एकमेकांस भेटताना 'सलाम आलेकुम' म्हणतात व त्यास ठरलेले उत्तर देतात, ही रीत समजून घेऊन त्यांस आपल्या लोकांसाठीही असे एक अभिवादन असावे असे सुचले, असे सांगतात. अभिवादन म्हणजे तरी काय? वाटेत भेटलेल्या माणसास 'तू एकटा नाहीस' एवढेच सांगणे. ज्यांस गावाने वर्षानुवर्षे नाव घेऊन हाक मारली नव्हती, त्यांस हरदास यांनी एकमेकांस द्यावयाचा शब्द दिला. मजुरीचा दर नंतर आला.

तिसरे नाव शाहीर अमर शेख यांचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी मोठी. आई मुनेरबी ओव्या म्हणत, आणि गाण्याचा कान त्यांस तेथूनच लाभला. बार्शीच्या गिरणीत ते मजूर झाले, संपात उतरले, तुरुंगात गेले. आणि पहाडी आवाजाचा तो तरुण तेथून सर्व महाराष्ट्राचा शाहीर होऊन बाहेर पडला. अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ गावोगाव घुमला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. बार्शी हेही आपल्यासारखेच कापसाचे, पेठेचे आणि मिश्र वस्तीचे गाव. तेथल्या एका मुसलमान मजुराच्या मुलास आपली मराठी, आपला गळा आणि आपली माणसे ही तिन्ही मजुरांच्या सभेत सापडली. त्यांस कोणी 'तू कोणत्या मोहल्ल्याचा' म्हणून विचारले नाही. 'तू कोणत्या खात्यात काम करतोस' असे विचारले. आमच्या तरुणांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

चौथे उदाहरण हमालांचे आहे, आणि आपल्या गावास ते सर्वांत लागू पडते. पुण्याच्या बाजारपेठेत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांस डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास संघटित केले. ती हमाल पंचायत. डॉक्टर माणसाने आपला व्यवसाय बाजूस ठेवून या कामास वाहून घ्यावे, ही गोष्ट लहान नव्हे. मुंबईकडे अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची मोठी संघटना बांधली. या सर्व चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

या कायद्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. हमालास एक मालक नसतो. सकाळी तो एका आडत्याचा माल उतरवितो, दुपारी दुसऱ्याचा, रात्री तिसऱ्याची गाडी भरतो. मग त्याच्या दुखण्याखुपण्याची, म्हातारपणाची जबाबदारी कोणाची? प्रत्येक व्यापारी म्हणेल, माझ्याकडे तो घटकाभरच होता. कायद्याने यावर उपाय असा काढला की, सरकार, मालक व मजूर या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमावे. व्यापाऱ्याने व हमालाने त्यात नोंद करावी. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरावी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही द्यावी. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, सुट्टीचा पगार यांची तरतूद होते. घटकाघटकाचे अनेक मालक मिळून एक पूर्ण मालक तयार झाला, असे म्हणावयास हरकत नाही. हे कोणा पंडिताने ग्रंथालयात बसून शोधलेले नाही. हमालांच्या अनेक वर्षांच्या बैठकांतून ते घडले.

आणि पंचायत कायद्यापाशी थांबली नाही. १९७४ साली तिने 'कष्टाची भाकर' हे स्वस्त व पोटभर जेवणाचे केंद्र काढले. कामाच्या मध्ये हमालास बसून, मान ताठ ठेवून जेवता यावे ही त्यातील दृष्टी. दानाची पंगत आणि स्वतःच्या संस्थेतील जेवण यांत चव एकच असेल, पण बसण्याची रीत निराळी असते.

आता कोणी म्हणेल, मास्तर एकच बाजू सांगतात. ते बरोबर होणार नाही. संघाचे वाईट दिवसही सांगितले पाहिजेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कुटुंबे उद्ध्वस्त झाली, पुष्कळांनी गावची वाट धरली, आणि गिरण्यांच्या जागेवर पुढे मनोरे उठले. दोष कोणाचा किती, यावर आजही वाद चालतो. पण ज्याच्या घरी साठवण नाही त्याने लढा किती दिवसांचा हे आधी ठरवावे, एवढा धडा त्यातून घेता येईल. दुसरे असे की, माथाडी कायद्याच्या नावावर पैसे उकळणारे बनावट माथाडीही निघाले, आणि त्यांच्याविषयी खुद्द महाराष्ट्रात तक्रारी झाल्या. म्हणून जेथे सभासदांस हिशेब दाखविला जात नाही तेथे संघ नव्हे, दुकान आहे असे समजावे. हे आपल्या न्यासासही लागू आहे. आणि आपले चिटणीस दरवर्षी जमाखर्च भिंतीवर लावतात, याचे आम्हांस म्हणूनच समाधान वाटते.

आता आपल्या गावाकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, जी तोवर आपल्या प्रांताची राजधानी होती, मुंबई राज्यात गेली. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर सौंसर व पांढुर्णाही. आपली बोली तीच राहिली, पोळा तोच राहिला, संत्र्याचे बहारही तेच राहिले. पण वरूड, काटोल, नरखेडकडच्या हमालासाठी १९६९ चा जो कायदा झाला तो सीमेच्या अलीकडे लागू नाही. तेच फळ, तीच पेटी, तीच पाठ, आणि कायदा मात्र दुसरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी कचेऱ्या जवळ आल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण कचेरी जवळ आली म्हणून अर्ज आपोआप लिहिला जात नाही.

आमच्या शाळेत नाव दाखल करताना पित्याचा व्यवसाय लिहावा लागतो. शेती, दुकान, नोकरी हे मुले मोठ्याने सांगतात. एका मुलास आम्ही विचारले तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "काही नाही सर, बाबा मंडीत जाते." त्याचे वडील बहाराच्या दिवसांत रात्रभर संत्र्याच्या गाड्या भरतात. त्यांच्या पाठीवरून गेलेले फळ कोठकोठल्या शहरांत पोचते, आणि घरात त्यांच्या व्यवसायाचे नाव 'काही नाही'! हे त्या मुलाचे अज्ञान नव्हे. ज्या कामाची पावती नाही, वही नाही, ज्यात पडल्यास कोणी विचारीत नाही, त्या कामास मूल दुसरे काय म्हणणार?

काही सोयी आपल्या राज्यातही आहेत. मंडी समितीचे लायसन असलेल्या हम्माल व तुलावटी यांच्यासाठी २००८ पासून साहाय्य योजना आहे. प्रसूती, मुलामुलींचे लग्न, शिक्षण, आजार व अपघात यांसाठी तीत तरतूद ठेवली आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रमची व्यवस्था सुरू केली. पण मंडीच्या फाटकाबाहेर, बागेत किंवा शेडमध्ये जो माल भरतो त्यास लायसन कोठले? संत्री निवडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांची नोंद कोण करणार? बोरगावच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत जाणाऱ्या पोरांस आपला भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नाही, हे मोबाइलवर पाहता येते हे तरी ठाऊक आहे काय? योजना कागदावर असते. तिला माणसापर्यंत आणण्यास माणूस लागतो, आणि एकट्या माणसास कचेरीत फेऱ्या घालणे परवडत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. चौघे मिळून एकास पाठवितात आणि त्याची त्या दिवसाची मजुरी आपसांत भरून देतात, तेव्हा संघाचा आरंभ होतो. कामगार संघाच्या नोंदणीच्या अर्जास सात जण लागतात. १९२६ चा कायदा तेच सांगत होता आणि २०२० ची संहिताही तेच सांगते. पुढच्या अटी आहेतच. पण पहिले पाऊल सात माणसांचे आहे.

मग आपल्या न्यासाने काय करावे? न्यास हा मजूर संघ नव्हे, आणि त्याने तसे होऊही नये. पुढारीपण मजुरांतूनच आले पाहिजे. पण चांगला शेजारी होता येईल. आमच्या सूचना चार आहेत.

एक: हे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी हमाल, बागेतील मजूर व कामकरी स्त्रिया यांच्या बैठकीसाठी मोकळे असावे, कोणत्याही जातीधर्माचे ते असोत. आमच्या शिष्यवृत्तीवर पदवीधर झालेल्या मुलामुलींनी तेथे बसून अर्ज लिहून द्यावेत, आणि अर्ज कसा लिहावयाचा हे शिकवावे. पहिल्या कामापेक्षा दुसरे अधिक महत्त्वाचे.

दोन: प्रत्येक टोळीने आपली वही ठेवावी. तारीख, गाडी, नग, दर, मिळालेली रक्कम. वहीचा खर्च न्यासाने करावा. लिहिण्याचे काम टोळीनेच करावे.

तीन: आपल्यातील व्यापारी बंधूंस विनंती आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिला आणखी एक गोष्ट जोडावी: मजुरीबरोबर चिठ्ठी द्यावी, आणि प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम इजा झालेल्या हमालाच्या उपचारासाठी बाजूस ठेवावी. ही रक्कम दानाच्या खात्यात लिहू नये. ती मजुरीचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली एका पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. ती आपण आपल्या गोदामात आजपासून पाळू शकतो. त्यासाठी कोणत्या राज्याच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

चार: आपल्याकडून मदत घेणाऱ्यांची यादी लांब आहे, आणि मत देणाऱ्या सभासदांची आखूड. वर्गणी परवडेल इतकी ठेवून मदत घेणाऱ्यांस सभासद करून घ्यावे. ज्याला शिधा मिळतो त्यालाच वार्षिक सभेत उठून जमाखर्चाविषयी विचारता आले पाहिजे. काही विश्वस्तांस हे जड जाईल, याची आम्हांस कल्पना आहे. पण दान घेणारा माणूस मान खाली घालून येतो आणि घेऊन निघून जातो. सभासद येतो, बसतो, वाद घालतो आणि सतरंज्या गुंडाळावयास मागे थांबतो. पुढची पंचवीस वर्षे संस्था चालते ती अशा मागे थांबणाऱ्यांच्या जोरावर.

लोखंडे, हरदास, अमर शेख, हमाल पंचायत यांच्या काळात व पक्षात अंतर होते. मतेही सर्वांची एक नव्हती. आपणही या सभागृहात निरनिराळ्या पक्षांना मते देतो, आणि द्यावीत. पण आपल्या कामाचे नाव उजळ माथ्याने सांगता यावे आणि अडचणीत कोणाचे दार ठोठवावे हे ठाऊक असावे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. वर दिलेल्या चार सूचनांपैकी एकही मान्य करावयाची असेल, तर ती येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावी, ही अध्यक्षांस नम्र विनंती. पहिल्या संध्याकाळी फळा, खडू आणि दोन तास देण्याचे आम्ही कबूल करतो.